काउंटरजवळची खुर्ची

८ जानेवारी

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार करायचा होता, पण खोली एवढी लहान आहे की वाकले तर डोकं कपाटावर आपटेल. तेव्हा बसल्याबसल्या केला असं समज.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि तू नुसतं "हो, हो" करतेस, हे मला आता पक्कं कळलंय. परवा मी म्हणाले, "जिन्यात घसरले, गुडघा फुटला," तर तू म्हणालीस, "छान, छान, असंच चालू ठेव." म्हणून यापुढे पत्र. गुडघा बरा आहे.

नोकरी लागून आता थोडे दिवस झाले. आमचं ऑफिस वयस्कर माणसं कशी जगतात याचा अभ्यास करतं. मी घरोघर जाते आणि साठी ओलांडलेल्या माणसांना प्रश्न विचारते. पेन्शन आहे का, चपला फाटल्या तर नव्या घेता येतात का, घरी कोणी आलं तर त्याच्यापुढे काही ठेवता येतं का. काही जण मला स्थळ घेऊन आलेली समजतात, काही जण पंखे विकायला आलेली.

आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट समजावली. गरिबी दोन तऱ्हांनी मोजतात. एक म्हणजे पोट भरतं की नाही. दुसरी म्हणजे आजूबाजूची माणसं जशी जगतात तसं आपल्याला जगता येतं की नाही. त्यासाठी सगळ्यांची मिळकत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायची, बरोबर मधल्या माणसाची घ्यायची, तिच्या निम्म्यावर एक रेघ ओढायची. रेघेखाली जो, तो गरीब, मग तो दोन वेळा जेवत का असेना. मला हे इतकं पटलं की त्या दिवशी डबा उघडायचाच राहिला. वाटलं, आपल्या घरातलं पहिलंच कोणी कॉलेजात गेलं, ते या कामासाठीच असावं. हसू नकोस.

इथल्या एका मैत्रिणीला मी तुमच्या गुरुवारबद्दल सांगितलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत बरोबर काम केलेल्या तुम्ही चौघी: कपड्यांच्या कोठीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या किल्लीमावशी, मशीनवाली, शिलाईवाली आणि जिच्या हातची चादर कागदासारखी दिसायची म्हणून जिला सगळे "घडी" म्हणायचे ती माझी आत्या. फाटकासमोरचं चहाचं दुकान, भिंतीलगतचा बाक आणि काउंटरजवळची ती एकुलती एक लाकडी खुर्ची. जिचा नंबर असेल ती खुर्चीत बसणार, त्या दिवशीचा चहा तिचा, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. लहानपणी मी एकदा धावत जाऊन त्या खुर्चीत बसले, तर किल्लीमावशी म्हणाल्या, "बसू दे, आज ही पाजेल." मी केवढ्याने रडले होते!

गुरुवार कसा चाललाय? सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
शेपूट

१९ जानेवारी

प्रिय शेपूट,

लहानपणी माझ्या मागेमागे फिरायचीस म्हणून शेपूट. आता शेपटाला पदवी मिळाली म्हणून मी काही नाव बदलणार नाही.

गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. फोनवर मला वाटलं, तू काहीतरी पास झालीस.

रेघेचं दोनदा वाचलं. मला एक सांग, उद्या तो मधला माणूस जिन्यावरून पडला आणि त्याची मिळकत बुडाली, तर रेघ खाली येणार आणि मी इथे बसल्याबसल्या श्रीमंत होणार? तसं असेल तर त्याचा पत्ता कळव.

माझं ठीक चाललंय. खालच्या सायकलवाल्याने नवीन पंप आणलाय, दिवसभर फुस्स फुस्स चालू असतं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचे शर्ट मी इस्त्री करून देते, आणखी दोन घरचे पडदे येतात. भागतं. उगीच तुझ्या वहीत माझं नाव घालू नकोस.

गुरुवारचं म्हणशील तर तिघींची चैन आहे. त्यांची पेन्शन वाढली, तसा दुकानातला थाटही वाढला. आधी नुसता चहा होता. मग चहाबरोबर बिस्किट आलं. आता दर गुरुवारी प्रत्येकीला केकचा तुकडा, वर क्रीम. मशीनवाली म्हणते, "जन्मभर दुसऱ्यांचे डाग धुतले, आता थोडं माझ्या कपड्यांवर सांडू दे." खरंच आहे. त्या तिघी हॉस्पिटलच्या नोकर होत्या, त्यांना ते मिळायलाच हवं. मी कंत्राटदाराची. काम एक, फाटक एक, पगाराच्या दिवशी खिडक्या दोन. ते दिवस गेले, आता काय त्याचं.

मी हल्ली फारशी जात नाही. चहाने पित्त होतं. केक तर मला मुळीच सोसत नाही.

तुझे वडील परवा येऊन गेले. गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवून रंगवून त्यांच्या पँटवर सगळे आकडे उमटलेत. म्हणाले, "पोरगी फार मोठे शब्द बोलायला लागली." छाती एवढी फुगवून म्हणाले.

जेवत जा. डबा उघडायला विसरण्याइतकं काही पटवून घेऊ नये.

आत्या

२९ जानेवारी

प्रिय आत्या,

मधल्या माणसाचा पत्ता मिळाला की लगेच कळवते.

पित्ताच्या गोळ्या या पत्राबरोबर पाठवतेय. जेवणाआधी एक घ्यायची. आणि डॉक्टरला दाखव. मनाने चहा सोडून भागत नाही.

या आठवड्यात एका आजींकडे गेले होते. सिनेमाच्या तिकीटखिडकीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. अजूनही बोलताना समोर जाळी असल्यासारख्या जरा वाकून बोलतात. मी विचारलं, "नातेवाइकांकडे जाणं-येणं असतं का?" म्हणाल्या, "कुठे जाते गं, गुडघे धरलेत. पुतण्याकडे गेले नाही वर्षभर. त्याचं पोर मला ओळखतसुद्धा नसेल." मी लिहून घेतलं: गुडघेदुखी. तेवढ्यात त्यांना आठवलं की पाहुणीला काहीतरी द्यायला हवं. तर त्या स्टुलावर चढल्या, स्टुलावरून ओट्यावर, आणि सगळ्यात वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून टुणकन खाली उतरल्या!

ऑफिसात मी हे हसत हसत सांगितलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रिकाम्या हाताने पुतण्याच्या पोरासमोर जायचं कसं, हे त्या तुला सांगणार होत्या का? आपल्या पाहणीत गुडघे फार दुखतात. विशेषतः ज्यांना पेन्शन नाही त्यांचे."

आत्या, थांब. तू तर उपाशीपोटी कडक चहा ढोसून पहिल्या पाळीला जायचीस. तुला आयुष्यात पित्त कधी झालं होतं?

असू दे. तू काही लिहू नकोस. गोळ्या पाकिटात घातल्याच आहेत, त्या राहू देत. काय करायचं ते मी बघते.

तुझी,
शेपूट

१८ फेब्रुवारी

कुमारी पदवीधर यांस,

गोळ्या मिळाल्या. प्रकृती उत्तम आहे. तुझी खुशाली चहाच्या दुकानातूनही कळली.

मी गुरुवारी जाणं बंद केलं आहे. त्या विषयावर पुन्हा लिहू नये.

आत्या

४ मार्च

मुली,

तुझं पत्र मिळालं. "किल्लीमावशी, आत्या माझ्या दोन पत्रांना उत्तर देत नाही, काय झालं ते कळवा," असं मलाच विचारतेस? बरं, ऐक.

त्या गुरुवारी घडी आली. बऱ्याच दिवसांनी आली होती. आम्ही तिघी बाकावर होतो. चहावाला तुला माहीतच आहे, मनाने सोनं, पण गळा भोंग्यासारखा. ती दारात दिसली आणि हा ओरडला, "या घडीबाई, या! आज तुमचा मान! तुमच्या भाचीने पैसे पाठवलेत, पुढच्या चार नंबरांचे! केकसकट! बसा खुर्चीत!"

दुकानात गिऱ्हाईक होतं. दोन नर्सा होत्या, औषधवाला होता. सगळ्यांनी मान वळवली.

घडीचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तिने विचारलं, "कोणाचे पैसे?"

"तुमच्या भाचीचे."

"मग तिलाच बसव खुर्चीत," म्हणाली आणि गेली. हळू गेली. त्यामुळेच मला जास्त लागलं.

तुझ्यावर रागावणार होते, पण आरशात बघावं लागलं. आम्ही तिघींनी तरी काय दिवे लावले? ती उशिरा यायची, खुर्ची भरलेली असेल अशा बेताने. बाकाच्या टोकाला बसायची. केक आला की म्हणायची, "मला नको." मी एकदा म्हटलं, "काय गं घडी, या वयात वजन उतरवतेस ते कोणासाठी?" सगळ्या हसलो. तीही हसली. आता ते हसू आठवलं की घास गिळवत नाही. आमच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की केक आपण वाढवला आणि नंबर तिचाही येतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पासष्टीच्या पुढच्या आणि नोकरीची पेन्शन नसलेल्या माणसांना आता सरकारी पेन्शन सुरू होतेय. मोठी नाही, पण दर महिन्याला आणि मरेपर्यंत. मी तिला रस्त्यात गाठून सांगितलं. तर म्हणते कशी, "आधी भाचीचं, आता सरकारचं. मी काय हात पसरायला बसलेय?" तुझे पैसे दुकानात ओरडून जाहीर झाल्यापासून तिला आयता येणारा प्रत्येक पैसा तसाच दिसतोय. अर्ज घेण्याची मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे. ती गेली की पुन्हा पुढच्या वर्षी.

तू शिकलेली आहेस. बिघडवलंस, आता नीट कर. मीही माझ्या परीने बघते.

किल्ली

१० मार्च

प्रिय आत्या,

चुकले. तू लिहू नको म्हटलं होतंस, तरी लिहितेय. आवडलं नाही तर मास्तरांच्या शर्टाखाली घालून इस्त्री फिरव.

पहिला पगार हातात आला आणि मला वाटलं, आत्याला पुन्हा त्या खुर्चीत बसवू. तू खुर्चीत आणि पैसे माझे, म्हणजे खुर्चीत मीच की. हे मला लहानपणी कळलं होतं, तेव्हा तर मी तिथे बसून रडले होते. मोठी झाल्यावर कळलं नाही.

त्या तिकीटखिडकीवाल्या आजींकडे मी परवा पुन्हा गेले. त्यांच्या भागात नवीन पेन्शन आधीच सुरू झालीय. मी विचारलं, "पैशांचं काय केलंत?" मला वाटलं, औषधं म्हणतील, नाहीतर भाडं. म्हणाल्या, "पुतण्याकडे गेले. पोरासाठी शिटी नेली." मी म्हटलं, "आणि गुडघे?" म्हणाल्या, "दुखतात की. पण आता जेवायला थांबते. पूर्वी जायचे तेव्हाही दारातूनच परत यायचे. आता त्याची आई कानांवर हात ठेवते आणि पोर मला शिटीवाली आजी म्हणतं."

आत्या, मी पाठवलेले पैसे माझ्या मर्जीचे होते. उद्या मी रुसले, माझी नोकरी गेली, माझं लग्न होऊन माझी मर्जी दुसरीकडे वळली, तर ते थांबले असते. आणि दर वेळी तुला माझं कौतुक करावं लागलं असतं. पेन्शन रुसत नाही. ती कोणाकडून आभार मागत नाही. किल्लीमावशींनी कधी कोणाचे आभार मानलेत? उलट दोन दिवस उशीर झाला तर बँकेत जाऊन भांडतात. तसं हक्काने भांडायला तुझ्याकडे काहीतरी असावं, एवढंच मला हवंय.

अर्ज करायचा की नाही, ते तू ठरव. मी कोणाला पैसे पाठवणार नाही, कोणाला फोन करणार नाही. फक्त उत्तर पाठव. नुसतं "कुमारी पदवीधर यांस" लिहून कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

शेपूट

२ एप्रिल

प्रिय शेपूट,

कोरा कागद पाठवणार होते, पण मग तिकिटाचे पैसे वाया गेले असते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी किल्ली आली. तिला जिने चढवत नाहीत हे तुला माहीत आहे. दारात उभी राहून इंजिनासारखी धापा टाकत होती. मी पडद्यांचा ढीग संपवून माझी स्वतःची चादर घडी करत होते. एकटीने चादर घडी करायची म्हणजे हनुवटीखाली धरावी लागते. तिने ते पाहिलं आणि दुसरं टोक धरलं.

मी म्हटलं, "गुडघे बरे झाले वाटतं?"

ती म्हणाली, "तुझं पित्त बरं झालं तेव्हाच."

दोघी मागे सरकलो, चादर ताणली, झटकली. एवढ्या वर्षांनी, पण झटका एकदम पडला. मग एकमेकींकडे चालत आलो. तिची टोकं माझ्या हातात द्यायची वेळ आली, तर ती सोडेना.

"सोड," मी म्हटलं, "चुरगळेल."

"चुरगळू दे. मला आधी सांग, हे टोक मी धरायचे आणि ते टोक तू. सगळी नोकरी अशी काढली. मग माझ्या टोकाला मिळते ती पेन्शन आणि तुझ्या टोकाला मिळेल ती भीक, हे तुला कुठल्या कंत्राटदाराने शिकवलं?"

मी म्हटलं, "चहा घेतेस का?"

"बिनसाखरेचा कर," म्हणाली. माझ्या घरात तिने कितीतरी दिवसांनी चहा घेतला. तीही इतके दिवस येत नव्हती, कारण मी बोलवत नव्हते. साखर संपली असेल तर काय घ्या, म्हणून मी बोलवायचंच सोडून दिलं होतं. आता लिहितेच आहे, तर हेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या ऑफिसात गेलो. किल्लीला मी बाहेर बसवलं, नाहीतर ती भांडली असती. आतला पोरगा तुझ्याएवढाच असेल. मला वाटलं, आता हा वरून खाली बघणार. तो म्हणाला, "आजी, काम कुठे केलंत?"

म्हटलं, "हॉस्पिटलच्या लाँड्रीत. पण मी त्यांची नोकर नव्हते, कंत्राटी होते. कागद काही नाही."

"या पेन्शनला तो कागद लागत नाही. मी सहज विचारलं. माझा जन्म त्याच हॉस्पिटलातला."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हटलं, "मग तुला पहिल्यांदा गुंडाळलं ते फडकं माझ्या घडीतलं."

तो असा लाजला की शिक्का उलटा मारला. दुसरा मारावा लागला. शेपटा, मी आत गेले तेव्हा काहीतरी मागायला आलेय असं वाटत होतं. बाहेर आले तेव्हा वाटलं, वसुली करून आले.

आता एक सांगायचं राहिलं. किल्लीने ऑफिसचा जिना उतरता उतरता म्हटलं, "आम्ही तिघींनी ठरवलंय, केक बंद. पूर्वीसारखा नुसता चहा."

मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, "खबरदार. माझ्यापायी तुम्ही केक सोडलात, तर मी जन्मात त्या दुकानाची पायरी चढणार नाही. पेन्शन येऊ दे. तोवर माझी वाट बघा."

तर आता वाट बघणं चालू आहे. मलाही तुझ्यावर रागावून राहणं जड जात होतं. शिवाय मोठे शब्द कोणी पाठवत नव्हतं.

आत्या

२४ मे

प्रिय आत्या,

पेन्शन आली का? इथल्या ऑफिसात चौकशी केली, तर म्हणाले, पहिल्या हप्त्याला वेळ लागतो. मी चिडले. मोठ्या बाई म्हणाल्या, "चिडलीस तर निदान अहवालात लिही." लिहिणार आहे.

तुझ्यासाठी एक बातमी. मधला माणूस सापडला! आमच्या ऑफिसने या शहराची मिळकतीची ओळ मांडली आणि बरोबर मध्ये जो आकडा आला, तो माझ्या जिन्यातल्या बसकंडक्टरच्या पगाराशी जवळजवळ जुळतो. मी त्यांना सांगितलं, "काका, तुम्ही मधले आहात." ते म्हणाले, "बायकोला सांगू नकोस, तिला मी वरचा वाटतो." तुझा निरोपही दिला. तेव्हापासून ते कठडा धरून उतरतात.

दुसरी गोष्ट सांगू की नको, असं झालं होतं. पण आता तुझ्यापासून लपवून काही करायचं नाही असं ठरवलंय. नवीन पेन्शनमुळे वयस्कर माणसं रेघेच्या किती जवळ येतात, हे मी गेले काही दिवस मांडतेय. आम्ही ज्यांना भेटलो, त्यांच्यातले बरेच जण रेघ ओलांडतात. मी नकळत एका कागदावर तुझं गणितही मांडलं. शर्ट, पडदे आणि पेन्शन. आत्या, तू अजून खालीच राहतेस. थोडीशीच, अगदी बोटभर, पण खाली. मला फार वाईट वाटलं. एवढं सगळं होऊन बोटभर!

ही पेन्शन पुरेशी नाही, असं मी लिहिणार आहे. ज्यांनी दुसऱ्या खिडकीवर पगार घेतला, त्यांना म्हातारपणीही दुसरीच खिडकी का, असंही लिहिणार आहे. हे वाक्य तुझं आहे, तुझं नाव न घालता वापरलं तर चालेल ना?

तुझी,
शेपूट

१६ जून

प्रिय शेपूट,

आली. बँकेतल्या बाईने आकडा दाखवला, मी चष्मा पुसून परत पाहिला. मग घरी आले आणि काही केलं नाही. नुसती खिडकीत बसले. खाली फुस्स फुस्स चालू होतं, तेही बरं वाटलं.

गुरुवारी मी लवकर निघाले. कपड्यांना इस्त्री अशी केली होती की बसायची भीती वाटत होती. वाटलं, आपण पहिल्या पोचू. तर तिघी आधीच हजर. तिघी भिंतीलगतच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या, मशीनवालीचं अर्धं अंग बाहेर, आणि काउंटरजवळची खुर्ची रिकामी.

नंतर औषधवाल्याकडून कळलं, फेब्रुवारीपासून तिच्यात कोणी बसलंच नव्हतं. दर गुरुवारी जी ती आपापल्या चहाचे पैसे द्यायची आणि बाकावर अशीच कोंबून बसायची. कोणी गिऱ्हाईक खुर्ची ओढायला लागलं की शिलाईवाली म्हणायची, "तिचा पाय मोडलाय." पाय धडधाकट आहे.

मी जाऊन बसले. कोणी काही बोललं नाही. चहावालासुद्धा गप्प. किल्लीने त्याला दम दिला होता म्हणे, तोंड उघडलंस तर कोठीत कोंडीन, आणि तिच्याकडे आता कोठी नाही हे तो विसरला. बिचारा खुणांनी विचारत होता, चार चहा? मी म्हटलं, "मोठ्याने विचार की. चार चहा आणि चार केक. मशीनवालीला दोन तुकडे दे, ती दुसरा मागायला लाजतेय."

मशीनवाली म्हणाली, "मी? मी कधी लाजले?"

"आज लाजतेस. माझ्या नंबराला लाजायचं नाही."

तिने दोन खाल्ले. शिलाईवालीच्या डोळ्यात पाणी आलं, तर तिने ते क्रीमवर ढकललं, फार थंड आहे म्हणाली. किल्ली मात्र माझ्याकडे न बघता कपबशी पुसत बसली होती.

आता तुला खरं सांगते. केक मला आवडला नाही. फार गोड, आणि क्रीम टाळूला चिकटतं. तसं मी तिथेच सांगूनही टाकलं. किल्ली म्हणाली, "इतके दिवस हेच तर सांगत होतीस, नको म्हणून." तेव्हा नको म्हणत होते, कारण नंबर आला तर काय, ही धास्ती. आता नको म्हणते, कारण आवडत नाही. दोन्ही वेळा शब्द एकच, पण परवाचा म्हणताना मला फार मजा आली. पुढच्या वेळी मी बिस्किट घेणार आहे.

तुझी रेघ अजून माझ्या डोक्यावरून जाते म्हणतेस. जाऊ दे, मी काही उंच बाई नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण लिहायचं ते लिही. बोटभर कमी पडते ती पेन्शन, मी नाही, हे नीट लिही. खिडकीचं वाक्य वापर. नाव घातलंस तरी चालेल. "घडी" एवढंच घाल, लाँड्रीतल्या सगळ्यांना कळेल. आणि कंडक्टरना सांग, आता खुशाल कठडा सोडून उतरा, माझी काही हरकत नाही.

तुझे पैसे चहावाल्याने तसेच बाजूला ठेवलेत. परत पाठवतो म्हणाला, मी नको म्हटलं. तू आलीस की एक गुरुवार तू पाज. तुझे पैसे आहेत, तेव्हा खुर्चीही तुझी. रडायचं नाही.

पण तो गुरुवार नंतर. महिन्याभराने माझा नंबर परत येतो, त्या आठवड्यात रजा काढून ये. वडिलांनाही आण, पँट बदलून. दुकानात आलीस की सरळ बाकाकडे जायचं आणि किल्लीच्या शेजारी बसायचं. केक हवा तर केक, बिस्किट हवं तर बिस्किट, दोन्ही मागितलंस तरी चालेल. फक्त पाकीट काढायचं नाही.

खुर्चीत मी असेन.

आत्या